अंगणातला लाकडी बॉयलर घरातल्या हीटिंगला जोडताना

साताऱ्याकडच्या आमच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब असायचा. मध्ये धुराडं, त्यात शेणकुटं आणि चिपाडं, भोवती पाणी. वरून गार पाणी ओता, खालच्या तोटीतून कढत घ्या. आता मी राहतो न्यूयॉर्क राज्याच्या अगदी उत्तरेला, सेंट लॉरेन्स काउंटीत. इथे अंगणात पत्र्याच्या खोपटासारखं जे धूड उभं आहे, ते लाकडं जाळून पाणी तापवणारा बॉयलर, त्या बंबाचंच थोरलं भावंड. आत लोखंडी भट्टी, तिच्याभोवती दोनशे गॅलन पाणी, वर धुराडं. फरक एवढाच की हे पाणी आंघोळीला न घेता जमिनीखालच्या पाइपातून घरात फिरवायचं, त्याची ऊब काढून घ्यायची आणि ते परत भट्टीकडे पाठवायचं.

विकणारा माणूस दोन तास भट्टीबद्दल बोलतो आणि जोडणीबद्दल दोन मिनिटं. माझा अनुभव नेमका उलटा आहे. भट्टी बहुतेकांची बरीच असते, वाट लागते ती भट्टी आणि घर यांच्या मधल्या भागात. म्हणून हा लेख त्या मधल्या भागाबद्दल आहे.

आधी तळघरात जाऊन या

घरात सध्या काय आहे, त्यावर पुढचं सगळं ठरतं. भिंतीच्या कडेने बेसबोर्ड किंवा रेडिएटर असतील आणि त्यांतून गरम पाणी फिरत असेल, तर काम सोपं. जाळ्यांतून गरम हवा येत असेल, म्हणजे फर्नेस (हवा तापवणारं यंत्र) आणि डक्ट (ती हवा नेणाऱ्या पत्र्याच्या वाटा) असतील, तरी जमतं, फक्त पद्धत वेगळी. जुन्या घरांत वाफेचे रेडिएटर असतात. तिथे मात्र थांबा. ही भट्टी १८० अंश फॅरनहाइटपर्यंतचं (पुढचे सगळे अंश फॅरनहाइटच) पाणी देते, वाफ देत नाही. वाफेची व्यवस्था आधी गरम पाण्याची करून घ्यावी लागते आणि तो वेगळाच खर्च आहे.

जुना तेलाचा किंवा गॅसचा बॉयलर काढून टाकायचा नाही, हेही आत्ताच ठरवा. तुम्ही चार दिवस गावाला गेलात किंवा तापाने अंथरुणाला खिळलात, तर लाकडं कोण घालणार?

नियम आणि जागा

अमेरिकेत १५ मे २०२० पासून नवा लाकडी बॉयलर विकायचा तर तो संघीय पर्यावरण संस्थेने धुरावर घातलेल्या दुसऱ्या टप्प्याच्या मर्यादेत बसावा लागतो. न्यूयॉर्कमध्ये त्याही आधी, २०११ साली, राज्याचा वेगळा नियम आला. घरगुती आकाराची नवी भट्टी शेजाऱ्याच्या हद्दीपासून किमान १०० फूट लांब हवी आणि धुराडं जमिनीपासून किमान १८ फूट उंच हवं. इतर राज्यांचे आकडे वेगळे आहेत आणि काही गावांनी या भट्ट्यांवर पूर्ण बंदी घातली आहे. तेव्हा आधी गावच्या बांधकाम खात्यात परवान्याची चौकशी, मग विमा कंपनीला फोन, आणि त्यानंतर खिशात हात. कुणाच्या तरी कोठारामागे पडलेली जुनी भट्टी स्वस्तात मिळते म्हणून उचलू नका. ती नव्या जागी बसवायला परवानगीच मिळणार नाही, अशी शक्यता मोठी.

जागा निवडताना तीन गोष्टी बघाव्यात. हिवाळ्यात वारा बहुधा कुठून येतो, म्हणजे धूर तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या खिडकीत जाणार नाही. लाकडांनी भरलेला ट्रेलर बर्फातून तिथवर पोहोचेल का. आणि तिसरी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही: घरातली जोडणी भट्टीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे का. तळघर असेल तर आपोआप असते. भट्टी उतारावर खाली आणि घर वर असेल, तर पाइपाच्या वरच्या भागात दाब उणा होतो, हवा शिरते आणि पंप गुरगुरत बसतो.

थोडी आकडेमोड

एकच सूत्र पाठ करा: मिनिटाला वाहणारे गॅलन, गुणिले जाताना-येतानाच्या तापमानातला फरक (फॅरनहाइटमध्ये), गुणिले ५००. उत्तर येतं तासाला पोहोचणाऱ्या उष्णतेचं, बीटीयू या इथल्या एककात. घराला कडाक्याच्या रात्री तासाला ८०,००० बीटीयू लागत असतील आणि पाणी २० अंश गार होऊन परतत असेल, तर मिनिटाला ८ गॅलन वाहायला हवेत.

आता पाइप. इथे बहुतेकजण एक इंची पेक्स (लवचीक प्लास्टिकचा) पाइप घेतात. नाव एक इंच असलं, तरी आतलं भोक पाऊण इंचाहून जेमतेम मोठं, ०.८६ इंच. त्यातून मिनिटाला ८ गॅलन ढकलायचे, तर दर १०० फुटांना सुमारे ९ फूट हेड, म्हणजे पाणी तेवढं उंच चढवण्याइतका पंपाचा जोर, खर्च होतं. भट्टी १०० फुटांवर असेल तर जाऊन-येऊन २०० फूट, म्हणजे १८ फूट नुसत्या पाइपात गेले. एक्स्चेंजर (भट्टीच्या पाण्याची ऊब घराच्या पाण्याला देणारा भाग, पुढे येईलच) आणि वळणं अजून मोजलेलीच नाहीत. घरगुती हीटिंगमध्ये सर्रास वापरतात तो छोटा पंप जास्तीत जास्त दहा-अकरा फूट चढवतो, तोही प्रवाह जवळजवळ शून्यावर आल्यावर. सव्वा इंची पाइप घेतला तर हाच खर्च दर १०० फुटांना साडेतीन फुटांवर येतो. ८० फुटांपुढे अंतर असेल, तर सव्वा इंचीच घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. बारीक पाइप आणि मोठा पंप, अशी जोडी जमवणारे दर महिन्याला विजेच्या बिलात ते पैसे फेडतात, कारण हा पंप हिवाळाभर दिवसरात्र चालतो. नव्वद वॅटचा पंप महिन्याला ६५ युनिट खातो.

चर आणि पाइप: इथे कंजुषी नको

मी केली होती. पहिल्या वर्षी मी काळ्या नालीदार नळीतला पाइप घेतला. आत दोन पेक्स, भोवती चंदेरी फुगेवाल्या कागदाचे वेढे. दिसायला झकास आणि किमतीला निम्मा. जानेवारीत सगळं अंगण दीड फूट बर्फाखाली असताना भट्टीपासून घरापर्यंत हिरव्या गवताचा एक सरळ पट्टा उघडा पडला. शेजारचं मांजर रोज दुपारी तिथे येऊन झोपायचं. मांजराची सोय झाली, आमचं दिवाळं निघालं. मोजलं, तर घरात पोहोचेपर्यंत पाणी ५ अंश गार होत होतं. ५ अंश ऐकायला काहीच नाही. पण ८ गुणिले ५ गुणिले ५०० म्हणजे तासाला २०,००० बीटीयू, दिवसाला ४ लाख ८० हजार. साडेतीन गॅलन तेलातली उष्णता रोज मातीत, आणि ही फक्त जाणाऱ्या पाइपाची गळती. सहा महिन्यांचा हिशेब केला, तर पाच-सहा कॉर्ड लाकूड मी गवत उगवायला जाळलं होतं. एक कॉर्ड म्हणजे ८ फूट लांब, ४ फूट रुंद, ४ फूट उंच अशी रास. ती कापायला, फोडायला, रचायला किती घाम लागतो, ते ज्याने केलंय त्यालाच माहीत.

त्या पाइपात दोष दोन. जाणारा गरम आणि येणारा कोमट पाइप एकमेकांना चिकटलेले, त्यामुळे ऊब आतल्या आत एकाकडून दुसऱ्याकडे जाते. आणि नालीदार नळीत कुठूनही पाणी शिरलं की ते लांबीभर पसरतं. ओलं झालेलं वेष्टण म्हणजे ओली गोधडी, असून नसून सारखीच.

दुसऱ्या उन्हाळ्यात सगळं उकरून काढलं आणि कारखान्यातच भोवती घट्ट पॉलियुरेथेन फोम भरलेला पाइप टाकला. दुसरा चांगला पर्याय म्हणजे चरातच दोन्ही पाइप एकमेकांपासून थोडे अंतरावर धरून फोम फवारून घेणं. फवारणीवाल्याला बोलवायचं तर चर पूर्ण कोरडा हवा. आता माझ्याकडे हा फरक एक अंशाच्या आसपास असतो आणि बर्फ सगळीकडे सारखा पडलेला दिसतो. मांजर नाराज आहे.

खणण्याआधी ८११ वर फोन करा. ही देशभराची फुकट सेवा आहे. माणसं येऊन जमिनीतल्या गॅस, वीज, टेलिफोनच्या लाइनींवर रंगाच्या खुणा करून जातात. मिनी एक्स्कॅव्हेटर एका दिवसाच्या भाड्याने पुरतो. खोली किती, यावर वाद पुष्कळ. आमच्याकडे जमीन चार फुटांपर्यंत गोठते, पण सतत वाहतं गरम पाणी असेल आणि वेष्टण चांगलं असेल, तर दोन-अडीच फूट चालतं. गाड्यांच्या वाटेखाली मात्र अधिक खोल जा. खोलीपेक्षा पाण्याचा निचरा महत्त्वाचा. चराच्या तळाशी पाणी साठत असेल तर आधी त्याला वाट काढून द्या.

पाइप ऑक्सिजन रोखणाऱ्या थराचाच घ्या. चरात जमिनीखाली एकही सांधा नको, अखंड तुकडा टाका. पेक्स तापला की वाढतो, १०० फुटांना दर १० अंशांमागे साधारण एक इंच. म्हणून दोन्ही टोकांना थोडी ढील ठेवा. भट्टीतून बाहेर पडणारे पहिले दीड-दोन फूट धातूचे असू द्या. पंपाची वीजतार त्याच चरात न्यायची तर ती वेगळ्या नळीतून, आणि ती जोडायला परवानाधारक वायरमन. भिंतीतून पाइप आत येतो ते भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा आणि नीट बुजवा, नाहीतर पहिल्या वसंतात बर्फ वितळून थेट तळघरात येईल.

घरातली जोडणी

भट्टी उघडी आहे, बंबासारखीच. वर हवेला वाट आहे, आत दाब नाही. घरातली बेसबोर्डची व्यवस्था मात्र बंद, १२ ते १५ पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाबाखाली. १२ पीएसआय म्हणजे साडेसत्तावीस फूट उंचीचा पाण्याचा स्तंभ. दोन्ही थेट जोडले, तर घराचा दाब भट्टीच्या वरच्या भोकातून पाणी बाहेर फेकत राहील. आणि घराचीच व्यवस्था उघडी करून टाकली, तर पाण्यात सतत ताजा ऑक्सिजन मिसळून जुना बिडाचा बॉयलर गंजेल आणि वरच्या मजल्यावर हवा अडकेल. म्हणून मध्ये प्लेट एक्स्चेंजर बसवायचा. ही स्टीलच्या पातळ पत्र्यांची चळत असते: एका फटीत भट्टीचं पाणी, शेजारच्या फटीत घराचं. ऊब पलीकडे जाते, पाणी जात नाही.

एक्स्चेंजरमध्ये दोन प्रवाह उलट दिशांनी वाहिले पाहिजेत. भट्टीचं पाणी वरून खाली येत असेल, तर घराचं खालून वर. दोन्ही एकाच दिशेने जोडले तरी काम चालल्यासारखं वाटतं, पण कडाक्याच्या थंडीत ऊब कमी पडते आणि कारण सापडत नाही. भट्टीकडून येणाऱ्या पाइपावर गाळणी बसवा, कारण त्या फटी अगदी बारीक असतात. चारही टोकांना बंद करायचे व्हॉल्व्ह आणि धुण्यासाठी तोट्या बसवा. चारही टोकांना तापमापक लावलेत, तर पुढे दुखणं कुठे आहे ते एका नजरेत कळतं.

एक्स्चेंजरची घराची बाजू जोडायची जुन्या बॉयलरकडे परतणाऱ्या पाइपात. म्हणजे खोल्यांतून गार होऊन आलेलं पाणी आधी एक्स्चेंजरमध्ये तापतं, मग तेलाच्या बॉयलरमध्ये शिरतं. बॉयलरला ते आधीच गरम दिसतं, त्यामुळे तो पेटत नाही. पद्धत सोपी आणि स्वस्त, पण थोडी ऊब जुन्या बॉयलरच्या धुराड्यातून वाया जाते. एकमेकांच्या अगदी जवळ लावलेल्या दोन टी-जोडांतून बॉयलरला बाजूला ठेवणारी रचना अधिक चांगली, पण तिला जाणता प्लंबर हवा. बॉयलरचा प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह, जो ३० पीएसआयला उघडतो, तो कुठल्याही कारणाने बंद किंवा बाजूला करायचा नाही.

गरम हवेची फर्नेस असेल तर एक्स्चेंजरऐवजी मोटारीच्या रेडिएटरसारखी एक कॉइल फर्नेसच्या वरच्या डक्टमध्ये, म्हणजे पंख्याच्या पुढे बसवतात. मागच्या बाजूला, परतीच्या डक्टमध्ये बसवली तर तापलेली हवा पंख्याच्या मोटरवरून जाते आणि मोटर लवकर मरते. कॉइलच्या भोवतीच्या फटी पत्र्याने बंद करा. हवा आळशी असते, मोकळी वाट दिसली की कॉइल टाळून जाते. त्याच डक्टमध्ये एसी असेल, तर उन्हाळ्यात कॉइलचं पाणी बंद करायला व्हॉल्व्ह हवाच.

आंघोळीचं पाणी भट्टीकडून येणाऱ्या वाटेवर पहिलं घ्या, घर नंतर. वॉटर हीटरच्या शेजारी उभा बसवायचा साइडआर्म मिळतो: पाइपात पाइप, बाहेरच्यात भट्टीचं पाणी वरून खाली, आतल्यात टाकीचं पाणी तापून आपोआप वर चढतं. पंप नाही, आवाज नाही. पण रात्रभर वापर नसेल, तर टाकी भट्टीच्या तापमानाला पोहोचू शकते. १४० अंशांचं पाणी ६ सेकंदांत कातडी खोलवर भाजतं. तेव्हा टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाइपावर १२० अंशांना लावलेला मिक्सिंग व्हॉल्व्ह (गार पाणी मिसळून तापमान आवरणारा) बसवल्याशिवाय हा भाग सुरू करू नका, मग घरात लहान मूल असो वा नसो. टाकीचा सुरक्षा व्हॉल्व्हही जागच्या जागी राहू द्या.

भट्टीच्या बाजूचं एक काम

पंप भट्टीच्या मागे, खालच्या बाजूला, पाणी भट्टीतून बाहेर ढकलेल असा लावा. पाण्याच्या वजनाचा तेवढाच आधार त्याला मिळतो. दुसरं, परतणारं पाणी १४० अंशांच्या खाली जाता कामा नये. गार पाणी आलं की भट्टीच्या भिंतींवर धुरातली वाफ थिजते, काळा चिकटा धरतो आणि पत्रा आतून सडतो. यासाठी एक साधा तापमानाने उघडणारा व्हॉल्व्ह येतो. परत येणारं पाणी पुरेसं तापेपर्यंत तो गरम पाण्यातलं थोडं तिथल्या तिथे मागे वळवतो. भट्टीचं आयुष्य त्या एका व्हॉल्व्हवर आहे, आणि अनेक ठिकाणी तोच गाळलेला मी पाहिला आहे.

कुणी कधी पेटायचं

लाकूड आधी, तेल नंतर, हे यंत्राला समजावून द्यावं लागतं. बेसबोर्ड असतील तर तेलाच्या बॉयलरचा ॲक्वास्टॅट (पाण्याच्या तापमानावर चालू-बंद होणारा स्विच) १४० अंशांपर्यंत उतरवा. भट्टी १७०-१८० देत असेपर्यंत तो गप्प बसेल. लाकूड संपलं आणि पाणी उतरलं की स्वतःहून पेटेल. गरम हवेच्या घरात दोन टप्प्यांचा थर्मोस्टॅट लावतात: पहिल्या टप्प्याला नुसता पंखा, दुसऱ्याला फर्नेसची आग. येणाऱ्या पाइपावर एक ॲक्वास्टॅट बांधून पाणी १२० अंशांच्या खाली असेल, तर पंख्याचा पहिला टप्पा तोडायचा. नाहीतर विझलेल्या भट्टीच्या पहाटे घरभर गार वारा सुटतो आणि बायकामुलं तुमच्याकडे ज्या नजरेने बघतात, ती मी पाहिली आहे.

पाणी भरणं आणि पहिली पेटवणी

पहिल्यांदा पेटवायच्या आदल्या दिवशी आईला फोन केला होता. सगळं ऐकून घेतल्यावर तिने एकच विचारलं, "पाणी भरलंस ना रे आधी?" कोरडा बंब पेटवला की त्याचा डाख सुटतो, हे तिने पन्नास वर्षं जपलेलं. इथेही तेच.

पाणी घरातल्या सगळ्यात खालच्या तोटीतून हळूहळू भरा, म्हणजे हवा वर सरकत जाते. काठोकाठ भरू नका: ४० अंशांवरून १८० वर जाताना पाणी ३ टक्के फुगतं, दोनशे गॅलनला सहा गॅलन. भरताना निर्मात्याने सांगितलेलं गंजरोधक औषध त्याच प्रमाणात घाला आणि दरवर्षी पाण्याचा नमुना तपासायला पाठवा. घराच्या नळाची कायमची जोडणी भट्टीला ठेवू नका. भरून झालं की होज काढून घ्या.

पहिली पेटवणी ऑक्टोबरमध्ये, निवांत दिवशी करा. गार असतानाच पंप चालवून हवा काढा आणि गळती शोधा. मग १२० अंशांपर्यंत तापवा, सांधे पुन्हा बघा, आणि मग १८०. हे पहिल्याच दिवशी उणे वीस अंशांत करायची वेळ आणू नका.

लाकडाबद्दल थोडक्यात: ओलाव्याचं प्रमाण वीस टक्क्यांच्या खाली, मीटरने मोजून. म्हणजे फोडून, वर छप्पर ठेवून, किमान एक उन्हाळा, ओकला दोन. नव्या भट्ट्या ओल्या लाकडावर नीट चालतच नाहीत. आमच्याकडे पोखरणाऱ्या किड्याने मेलेली ॲशची झाडं मुबलक आहेत, पण या राज्यात प्रक्रिया न केलेलं सरपण ५० मैलांपेक्षा लांब नेता येत नाही. कचरा, रंगवलेल्या फळ्या, प्लास्टिक जाळणं बेकायदा आहे आणि शेजार्‍याशी कायमचं वैर ओढवून घेणारं आहे.

वीज गेली तर पंप थांबतो आणि अशा रात्री पाइप काही तासांत गोठू शकतो. छोटा जनरेटर ठेवा. काहीजण पाण्यात अँटिफ्रीझ घालतात. घालायचंच तर प्रॉपिलीन ग्लायकॉल, मोटारीतलं एथिलीन नव्हे. ते विषारी आहे आणि साइडआर्मचा आतला पाइप फुटला की नळात येऊ शकतं.

मे महिन्यात आग विझवली की त्याच आठवड्यात राख खरवडून काढा, ब्रश फिरवा आणि धुराड्यावर टोपी घाला. उन्हाळ्यातल्या दमट हवेत ओली राख पत्रा खाते. पाणी मात्र तसंच भरलेलं ठेवा. आणि वॉटर हीटरचा ब्रेकर पुन्हा चालू करायला विसरू नका. हिवाळाभर तो बंद असतो, हे पहिल्या वर्षी मला आठवलं ते डोक्याला साबण लावल्यानंतर.